लिनक्स अडते कुठे?

लॅपटॉपवर लिनक्स बसवणे हे काम सुरळीत झाले तर अर्ध्या-पाऊण तासाचे असते. अडले, की त्याच कामात दोन दिवस जातात, आणि त्यातला बराच वेळ दोष भलत्याच ठिकाणी शोधण्यात जातो. पडदा काळा राहिला की पेनड्राइव्ह बदलला जातो. वायफाय दिसले नाही की सगळी प्रणाली पुन्हा बसवली जाते. काहीच सुचले नाही की ‘फॉरमॅट मारून टाका’ असा सल्ला मिळतो. त्या एका सल्ल्यापायी घरातले फोटो, मुलांचे प्रोजेक्ट आणि वर्षानुवर्षे जपलेली कागदपत्रे पुसली जातात. वास्तविक या बिघाडांपैकी बहुतेक ठरलेले आहेत आणि ते शोधण्याची रीतही ठरलेली आहे. लॅपटॉप नेमका कोणत्या टप्प्यावर थांबला हे आधी ओळखायचे, आणि ते ओळखल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

आताच हा प्रश्न का

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधी घेतलेले, अजून धडधाकट असलेले असंख्य लॅपटॉप अधिकृतपणे विंडोज ११ घेऊ शकत नाहीत. अशा यंत्रांना लिनक्स हा मोफत आणि सुरक्षित पर्याय आहे. चार जीबी रॅम आणि साधी एसएसडी असली तरी लिनक्स मिंट किंवा लुबुंटू त्यांवर समाधानकारक चालते.

मुंबईच्या उपनगरांत याला आणखी एक कारण आहे. मुंबई विद्यापीठाने २०१६-१७ पासून लागू केलेल्या बीएससी संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी मुक्त सॉफ्टवेअर आणि लिनक्स हे स्वतंत्र विषय आले. त्यामुळे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलांच्या घरी लिनक्स बसवण्याची गरज पोचली. घरात लॅपटॉप बहुधा एकच असतो. त्यावर वडिलांचे कामही चालते आणि धाकट्या बहिणीचा अभ्यासही. म्हणून विंडोज तसेच ठेवून शेजारी लिनक्स बसवावे लागते, आणि बहुतेक अडचणी या शेजारातूनच उद्भवतात.

या विषयाशी उपनगरांचा संबंध जुना आहे. जुहूला १९८५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाले. सी-डॅकने पुढे डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली दिली. १९९० च्या दशकात घरगुती इंटरनेट इतके संथ होते, की लिनक्स उतरवून घेणे अशक्यच होते. तेव्हा ‘पीसी क्वेस्ट’ मासिकासोबत येणाऱ्या सीडीवरून ते बसवले जाई आणि अडले की जाणत्या माणसाचे घर गाठावे लागे. आज तीच मदत पवईतून घरबसल्या मिळते. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने उबुंटू ही लिनक्स प्रणाली आणि लिनक्सच्या आज्ञा यांवर साधारण दहा-दहा मिनिटांचे ध्वनिचित्रपाठ तयार केले आणि ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले. पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचे काम, असे शिक्षकाविना शिकता यावे ही त्यामागची कल्पना. तिथल्याच ‘फॉसी’ या प्रकल्पाने महाविद्यालयांत मुक्त सॉफ्टवेअर रुजवले.

बटण दाबल्यापासून लॉगिनपर्यंत

बटण दाबल्यावर लॅपटॉप पाच पायऱ्या चढतो. पहिली फर्मवेअरची. जुन्या यंत्रांत तिला बायोस म्हणत, २०१२ नंतरच्या बहुतेक यंत्रांत यूईएफआय असते. या पायरीवर कंपनीचे चिन्ह दिसते. दुसरी पायरी ग्रब या बूटलोडरची. कोणती प्रणाली सुरू करायची हे विचारणारी यादी तो दाखवतो. तिसऱ्या पायरीवर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीत चढतो आणि डिस्क, पडदा, कळफलक अशी एकेक वस्तू ओळखू लागतो. चौथ्या पायरीवर सिस्टमडी ही व्यवस्था नेटवर्क, ध्वनी, छपाई अशा सेवा सुरू करते. पाचव्या पायरीवर लॉगिनचा पडदा येतो.

कंपनीचे चिन्ह जाऊन थेट विंडोज सुरू झाले, तर दोष पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर आहे. अशा वेळी ग्राफिक्सचा ड्रायव्हर शोधण्यात अर्थ नाही. ग्रबची यादी नीट दिसली आणि त्यानंतर पडदा काळा झाला, तर पेनड्राइव्ह आणि बूटलोडर दोन्ही निर्दोष आहेत. दोष तिसऱ्या किंवा पाचव्या पायरीवर, बहुधा ग्राफिक्सचा. लॉगिन झाले पण इंटरनेट नाही, तर प्रणाली व्यवस्थित बसली आहे आणि फक्त एका चिपचा ड्रायव्हर हवा आहे. या एवढ्या विचाराने पुन्हा बसवण्याचे निम्मे उपद्व्याप टळतात.

हात लावण्याआधी

पहिले काम महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेण्याचे. दुसरे काम विंडोजचे कुलूप तपासण्याचे. अनेक नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन मालकाला न कळत सुरू असते. फर्मवेअरमधली एखादी सेटिंग बदलली की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आधी कागदावर उतरवून घ्यावी आणि मगच बिटलॉकर तात्पुरते थांबवावे किंवा बंद करावे. ही की हरवली तर डिस्कवरचा मजकूर कुठलाही दुरुस्तीवाला परत आणू शकत नाही.

तिसरे काम विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करण्याचे. ते सुरू असताना ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. मग लिनक्समधून विंडोजचा भाग उघडला तर तो फक्त वाचता येतो किंवा उघडतच नाही. कधी कधी वायफायचे कार्डही त्या अर्धवट अवस्थेत अडकून राहते. चौथे, लिनक्ससाठी जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करावी. उबुंटूला किमान २५ जीबी जागा सांगितली जाते, रोजच्या वापराला ५० जीबी असलेली बरी. आणि चार्जर लावूनच काम सुरू करावे.

पेनड्राइव्ह

उबुंटू २४.०४ ची आयएसओ फाइल सुमारे सहा जीबीची आहे, म्हणून आठ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. ही फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस, बलेना एचर किंवा व्हेंटॉय अशा साधनानेच ती पेनड्राइव्हवर उतरवावी लागते. त्याआधी डाउनलोड पूर्ण आणि शुद्ध झाले का हे एसएचए-२५६ या बेरजेने पडताळावे. संकेतस्थळावर ६४ अक्षरांची एक ओळ दिलेली असते. आपल्या फाइलवरून निघालेली ओळ तिच्याशी अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे. एक अक्षर जरी वेगळे आले तरी फाइल पुन्हा उतरवावी.

स्वस्तात मिळणाऱ्या पेनड्राइव्हवर ६४ जीबी छापलेले असते, पण आत चिप आठ जीबीचीच, असे प्रकार होतात. मर्यादेपलीकडे लिहिलेला मजकूर कुठेच साठत नाही, पण संगणकाला तो साठल्यासारखा वाटतो. लिनक्सवरचे ‘एफ-थ्री’ हे छोटे साधन पेनड्राइव्ह काठोकाठ भरून आणि परत वाचून खरी क्षमता सांगते. बसवताना काम दर वेळी वेगवेगळ्या टक्क्यांवर थांबत असेल किंवा ‘स्क्वॉशएफएस एरर’ असा संदेश येत असेल, तर पेनड्राइव्ह आणि रॅम यांवर संशय घ्यावा. पावसाळ्यातल्या दमट हवेत जुन्या लॅपटॉपच्या रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. बॅटरी सोडवून, रॅम काढून, त्या पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या की पुष्कळदा काम होते. रॅमची पक्की परीक्षा मेमटेस्ट करते. एक फेरी पूर्ण होऊ द्यावी, एकही लाल ओळ दिसली तर रॅम बदलावी.

पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाही

बूटचा मेनू उघडण्याची कळ कंपनीगणिक बदलते. डेल आणि लेनोवोत बहुधा एफ१२, एचपीत एस्केप किंवा एफ९, असुसमध्ये एस्केप. लेनोवोच्या काही यंत्रांत कडेला टाचणीने दाबायचे बारीक बटण असते. एसरमध्ये एफ१२ चा मेनू आधी फर्मवेअरमध्ये जाऊन चालू करावा लागतो.

मेनूत पेनड्राइव्ह दिसतो पण निवडल्यावर सुरक्षेचा संदेश येतो, तेव्हा अडवणूक सिक्युअर बूटची असते. सही असलेलाच बूटलोडर चालू द्यायचा, ही ती व्यवस्था. उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट यांच्याकडे मायक्रोसॉफ्टने सही केलेला ‘शिम’ नावाचा छोटा दुवा असतो, म्हणून ते सिक्युअर बूट चालू असतानाही चालतात. ज्या प्रणालींकडे तो नसतो, त्यांच्यासाठी सिक्युअर बूट बंद करावे लागते. काही एसर यंत्रांत सुपरवायझर पासवर्ड ठेवल्याशिवाय ही सेटिंग बदलताच येत नाही. बदल झाल्यावर तो पासवर्ड काढून टाकावा, नाहीतर विसरल्यावर नवेच संकट उभे राहते.

ऑगस्ट २०२४ मध्ये याच व्यवस्थेने अनेकांना घाबरवले. त्या महिन्याच्या विंडोज अपडेटने जुने, असुरक्षित ठरलेले शिम नाकारायला सुरुवात केली आणि शेजारी लिनक्स असलेल्या कितीतरी यंत्रांवर ‘एसबॅट’ पडताळणी फसल्याचा संदेश दाखवून लॅपटॉप बंद होऊ लागला. अशा वेळी डिस्कवरचे काहीही गेलेले नसते. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये शिरायचे, ‘मोकयूटिल’ या साधनाने एसबॅटचे धोरण पुसायचे, प्रणाली अद्ययावत करायची आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचे, हा त्यावरचा उपाय होता.

डिस्कच दिसत नाही

पेनड्राइव्हवरून लिनक्स छान सुरू होते, पण बसवायला घेतले की डिस्कच्या यादीत लॅपटॉपची एसएसडी नसते. डिस्क खराब झाली अशी शंका येते, पण विंडोज त्याच डिस्कवरून चालत असते. इंटेलच्या अनेक यंत्रांत एसएसडी थेट न जोडता ‘रॅपिड स्टोरेज’ किंवा ‘व्हीएमडी’ या मधल्या थराआड ठेवलेली असते, आणि बसवणाऱ्या प्रणालीला तो थर ओलांडता येत नाही. फर्मवेअरमध्ये हा पर्याय एएचसीआयवर आणला की डिस्क दिसू लागते.

अडचण अशी की विंडोज जुन्या मांडणीसाठी तयार झालेले असते. सेटिंग एकदम बदलली तर ते निळा पडदा दाखवून थांबते. म्हणून क्रम पाळावा लागतो. आधी बिटलॉकर थांबवायचे. मग विंडोजच्या ‘एमएसकॉन्फिग’मध्ये जाऊन पुढची सुरुवात सेफ मोडमध्ये होईल अशी खूण करायची. यंत्र पुन्हा सुरू करताना सरळ फर्मवेअरमध्ये शिरून व्हीएमडी बंद करायचे. विंडोज सेफ मोडमध्ये उघडते आणि एएचसीआयचा ड्रायव्हर आपोआप उचलते. शेवटी सेफ मोडची खूण काढायची. सेफ मोडमध्ये पिन चालत नाही असे होते, म्हणून खात्याचा खरा पासवर्ड आधीच माहीत असावा.

एसरच्या काही लॅपटॉपवर व्हीएमडीचा पर्याय फर्मवेअरमध्ये दिसतच नाही. ‘मेन’ या पानावर उभे राहून कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबल्या की लपलेली ओळ उघडते. ही गोष्ट माहीत नसल्याने अनेकांनी ‘या लॅपटॉपवर लिनक्स चालत नाही’ असा निष्कर्ष काढलेला असतो.

जागा वाटताना

डिस्क दिसली की दोन प्रश्न येतात. पहिला, विंडोज कोणत्या पद्धतीने बसलेले आहे? जुन्या एमबीआर मांडणीत मुख्य भाग चारच होऊ शकतात आणि दोन टीबीपलीकडची जागा वापरता येत नाही. नव्या जीपीटी मांडणीत या मर्यादा नाहीत. विंडोज ज्या पद्धतीने सुरू होते, त्याच पद्धतीने पेनड्राइव्हही सुरू करावा. एक यूईएफआय पद्धतीने आणि दुसरे जुन्या लेगसी पद्धतीने बसले, तर दोघे एकमेकांना ओळखत नाहीत आणि ग्रबच्या यादीत विंडोज येत नाही.

दुसरा प्रश्न ईएफआय पार्टिशनचा. विंडोजने केलेला हा भाग बहुधा शंभर एमबीच्या आसपास असतो आणि त्यात दोन्ही प्रणालींचे बूटलोडर शेजारी शेजारी राहतात. लिनक्स बसवताना तो वापरायचा, पण फॉरमॅट करायचा नाही. तो पुसला की विंडोज सुरू होत नाही. ‘इरेज डिस्क’ हा पर्याय सगळा लॅपटॉप रिकामा करतो. ज्या घरात विंडोज ठेवायचे आहे, तिथे त्याच्यावर बोट जाता कामा नये. शंका आली तर ‘इन्स्टॉल’चे शेवटचे बटण दाबण्याआधी थांबावे, कारण तोपर्यंत बहुधा काहीही पुसलेले नसते.

काळा पडदा

ग्रबची यादी आली, उबुंटू निवडले आणि पडदा काळा झाला. आतला पंखा फिरतो आहे, कॅप्स लॉकचा दिवाही लागतो. याचा अर्थ यंत्र जिवंत आहे, फक्त चित्र उमटत नाही. एनव्हिडियाचे वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपवर हे सर्रास घडते. कर्नलसोबत येणारा ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर काही कार्डांशी जुळवून घेताना अडखळतो.

उपाय ग्रबमध्येच आहे. उबुंटूच्या पेनड्राइव्हवर ‘सेफ ग्राफिक्स’ आणि मिंटच्या पेनड्राइव्हवर ‘कंपॅटिबिलिटी मोड’ असा पर्याय यादीत असतो, तो निवडावा. बसवून झाल्यावर हीच अडचण आली तर ग्रबच्या यादीत उबुंटूवर थांबून ‘ई’ ही कळ दाबायची. दहा-पंधरा ओळी उघडतात. त्यांत ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधायची. तिच्या अखेरीस ‘क्वाएट स्प्लॅश’ असे शब्द असतात. त्यांच्यापुढे एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा एक शब्द जोडायचा आणि एफ१० दाबायचे. पडदा कसा मांडायचा हे ठरवण्याचे काम कर्नल मग स्वतःकडे घेत नाही. फर्मवेअरने दिलेले साधे चित्र तो तसेच वापरतो. चित्र ओबडधोबड दिसते, पण दिसते.

हा बदल त्या एका खेपेपुरताच असतो आणि तो तेवढाच ठेवावा. नोमोडसेट कायम ठेवले तर पडद्याचा प्रकाश कमी-जास्त होत नाही आणि लॅपटॉप झोपेतून नीट उठत नाही. पडदा दिसू लागला की ‘अडिशनल ड्रायव्हर्स’ किंवा मिंटमधल्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून एनव्हिडियाचा शिफारस केलेला ड्रायव्हर बसवावा. सिक्युअर बूट चालू असेल तर त्या वेळी एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर निळ्या पडद्यावर ‘मॉक मॅनेजमेंट’ येते. ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा काही सेकंदांतच निघून जातो. घाईत ‘कंटिन्यू’ दाबले तर ड्रायव्हरची सही मान्य होत नाही, आणि ‘ड्रायव्हर बसवला तरी चालत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

थेट विंडोज, किंवा ग्रबची काळी ओळ

बसवण्याचे काम यशस्वी झाल्याचा संदेश आला, पण यंत्र थेट विंडोजमध्ये गेले, तर लिनक्स हरवलेले नसते. फर्मवेअरच्या क्रमयादीत विंडोज बूट मॅनेजर वर असतो. ‘उबुंटू’ ही नोंद त्याच्या वर आणली की ग्रब दिसतो. मोठ्या विंडोज अपडेटनंतर हा क्रम पुन्हा उलटू शकतो.

‘ग्रब रेस्क्यू’ अशी एकच ओळ दिसली, तर ग्रबचा पहिला तुकडा सापडला आहे आणि उरलेला भाग ज्या पार्टिशनवर होता ते त्याला सापडत नाही. विंडोजमधून लिनक्सचा भाग पुसला किंवा पार्टिशनांचे क्रमांक बदलले की असे होते. पार्टिशन शाबूत असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ‘बूट रिपेअर’ हे साधन चालवावे. ते पार्टिशन शोधते, ग्रब पुन्हा बसवते आणि केलेल्या कामाचा अहवालही देते. लिनक्स मुद्दामच पुसले असेल, तर फर्मवेअरमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणणे पुरेसे होते.

वायफाय

लॉगिन झाले, सगळे छान दिसते, आणि कोपऱ्यात वायफायचे चिन्हच नाही. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर, असा पेच पडतो. तो अँड्रॉइड फोन सोडवतो. फोन केबलने लॅपटॉपला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले की लिनक्सला तो तारेचे नेटवर्क वाटतो आणि वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

त्यानंतर चिपची ओळख पटवावी. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएनके’ या पर्यायासह दिली की यंत्रातल्या प्रत्येक भागाची नोंद येते. नेटवर्क कंट्रोलरच्या नोंदीत कंपनीचे नाव, चौकटी कंसात चार-चार अंकाक्षरांचा ओळखक्रमांक आणि खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असते. ही शेवटची ओळच गायब असेल, तर त्या चिपला ड्रायव्हर मिळालेला नाही. इंटेलच्या चिप बहुतेक वेळा आपोआप चालतात. ब्रॉडकॉमच्या कित्येक जुन्या चिपना परवान्याच्या अटींमुळे वेगळा ड्रायव्हर लागतो. तो ‘अडिशनल ड्रायव्हर्स’मध्ये मिळतो. रिअलटेकच्या काही चिप नवे कर्नल बसवल्यावरच चालू लागतात. कुठलाच ड्रायव्हर नसेल तर लिनक्सशी जुळणारे छोटे यूएसबी वायफाय घेणे हा सरळ मार्ग आहे, किंवा जिथे कार्ड बदलता येते अशा यंत्रात इंटेलचे कार्ड बसवावे. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत असे सुटे भाग मिळतात. जाताना तो ओळखक्रमांक लिहून न्यावा.

चिन्ह आहे पण वायफाय ‘बंद’ दिसते, तेव्हा ‘आरएफकिल’ ही आज्ञा उत्तर देते. ‘हार्ड ब्लॉक्ड’ला ‘येस’ असेल, तर कडेचे बटण किंवा विमानाचे चित्र असलेली कळ दाबली गेलेली असते.

साडेपाच तासांचा फरक

लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेले की घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. रात्री नऊ वाजता विंडोज दुपारचे साडेतीन दाखवते. लॅपटॉपमधल्या मूळ घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते, आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. उपाय एका आज्ञेचा आहे. ‘टाइमडेटसीटीएल’ला ‘सेट लोकल आरटीसी’ची किंमत एक द्यायची, म्हणजे लिनक्सही स्थानिक वेळ मानते.

चुकीच्या घड्याळाचा आणखी एक त्रास असतो. तारीख मागे गेली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि सॉफ्टवेअरची यादी ‘अजून वैध नाही’ असा संदेश येतो. जुन्या लॅपटॉपवर हे वारंवार झाले, तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. ती बदलली की प्रश्न मिटतो.

मराठी अक्षरे

मराठी घरात लिनक्स तेव्हाच टिकते, जेव्हा त्यावर मराठी नीट वाचता आणि लिहिता येते. कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि ध्वनीवर आधारित ‘कगप’ असे पर्याय मिळतात. सुपर आणि स्पेस या कळांनी इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. इनस्क्रिप्टची मांडणी १९९१ च्या भारतीय मानकातली आहे, म्हणून एकदा शिकली की विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर उपयोगी पडते.

अडचण जोडाक्षरांत येते. ‘वाऱ्यावर’ लिहायचे असते आणि पडद्यावर ‘वार्यावर’ उमटते. इथे साधा ‘र’ न घेता ‘ऱ’ घ्यावा लागतो. इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट आणि जे या कळांवर आहे. फाँटही तसा जाणता हवा. मराठीतले ल आणि श यांचे वळण हिंदीपेक्षा वेगळे असते, आणि मजकुराची भाषा मराठी ठरवली असेल तरच नोटोसारखे फाँट ते वळण दाखवतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने दिलेले आणि रेड हॅटने मुक्त केलेले ‘लोहित’ फाँट २०११ पासून अधिक मोकळ्या परवान्याखाली आहेत. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ही मोफत मिळतो.

जुन्या फाइलींचे मात्र वेगळे असते. छापखान्यात किंवा कार्यालयात कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटांत टंकलेले पत्र लिनक्सवर इंग्रजी अक्षरांचा कालवा म्हणून उघडते. तो लिनक्सचा बिघाड नाही. त्या फाँटांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात आणि फाँट नसला की खालची मूळ अक्षरे उघडी पडतात. अशी फाइल रूपांतरकाने युनिकोडमध्ये आणावी, म्हणजे ती पुढे कुठल्याही यंत्रावर वाचता येईल.

मदत मागताना

एवढे करूनही अडले, तर मदत मागावी, पण पुराव्यासह. ‘लिनक्स चालत नाही’ या वाक्याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. लॅपटॉपचे पूर्ण मॉडेल, लिनक्सचे नाव आणि आवृत्ती, कोणत्या पायरीवर थांबले, पडद्यावरच्या संदेशाचे शब्द आणि त्याआधी कोणता बदल केला, या पाच गोष्टी सांगितल्या तर जाणकार माणूस पुष्कळदा दोन वाक्यांत उत्तर देतो. पडद्याचा फोन-फोटो चालतो. प्रणाली सुरू होत असेल तर ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा मागच्या खेपेची नोंद दाखवते. तिच्यात लाल रंगात आलेली पहिली ओळ बहुधा मूळ कारणाजवळची असते, पुढच्या ओळी तिचे परिणाम.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. तीन बदल एकदम केले आणि यंत्र चालू झाले, तर कशाने चालू झाले ते कळत नाही आणि पुढच्या खेपेला पुन्हा सगळे शोधावे लागते. सगळे सुरळीत झाल्यावर दोन्ही प्रणाली एकेकदा सुरू करून पाहाव्यात, अद्ययावत कराव्यात, आणि ‘टाइमशिफ्ट’ने लिनक्सच्या चांगल्या अवस्थेची प्रत ठेवावी. पुढे एखादे अपडेट बिघडले तर त्या दिवसाच्या अवस्थेला परत जाता येते. बिटलॉकरची की, फर्मवेअरमध्ये बदललेल्या सेटिंग आणि उपयोगी पडलेली आज्ञा या तीन नोंदी असलेला कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवला, की घरातल्या कुणालाही पुढचा बिघाड तिथून पुढे शोधता येतो.